कुमारविजेता आणि त्याचा प्रतिस्पर्धी

कुमार गटातील अजिंक्यपद ही मोठी फसवी मिळकत आहे. मिसरूड फुटण्याच्या वयात चषक हाती येतो, वर्तमानपत्रात छायाचित्र झळकते, आणि दोन-चार वर्षांतच त्या मुलाचे नाव लोकांच्या ओठांवरून पुसले जाते. जो अंतिम सामन्यात हरतो, त्याची तर चौकशीही कोणी करीत नाही. १९५१-५२ च्या हंगामातील राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना मात्र या नियमाला दोन्ही अंगांनी अपवाद ठरला. त्यात जिंकला तो रामनाथन कृष्णन, आणि हरला तो सांगलीचा नंदू नाटेकर.

नाटेकरांचा जन्म १२ मे १९३३ चा, तर कृष्णन यांचा ११ एप्रिल १९३७ चा. म्हणजे अठरा वर्षांच्या तरुणाला त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या पोराने नमविले. बरोबरीच्या गड्याकडून झालेला पराभव माणूस पचवितो. धाकट्याकडून झालेला पराभव त्याला हिशेब मांडावयास लावतो. नाटेकरांनीही तो मांडला असला पाहिजे. टेनिसच्या जोडीने ते बॅडमिंटनही खेळत. या सामन्यानंतर त्यांनी टेनिसची रॅकेट बाजूला ठेवली आणि आपले सारे लक्ष फुलाकडे वळविले.

हा बदल वाटतो तितका सोपा नव्हे. टेनिसचा चेंडू सुमारे ५७ ग्रॅम वजनाचा. तो टोलवावयाचा तर मनगट घट्ट आणि खांदा भक्कम हवा. बॅडमिंटनचे सोळा पिसांचे फूल भरते पाच ग्रॅमच्या आसपास. ते वेगाने सुटते आणि हवेतच दम सोडते. तेथे मनगट मोकळे हवे, आणि फटक्याचा विचार अखेरच्या क्षणापर्यंत लपविता आला पाहिजे. एका खेळात मुरलेला हात दुसऱ्या खेळात बहुधा आडवा येतो. नाटेकरांच्या मनगटाला मात्र ही लपवाछपवी उपजतच अवगत असावी. फूल मागच्या रेषेकडे जाणार म्हणून प्रतिस्पर्ध्याने धाव घ्यावी, तो ते जाळ्याला लागून अलगद उतरावे, हा त्यांच्या खेळातील लोभस भाग होता. बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत बांधले गेले आणि हा खेळ काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. त्यामुळे महाराष्ट्राच्या एका मुलाने त्याला आपलेसे करावे, यात एक औचित्यही होते.

१९५४ साली हे दोघे काही महिन्यांच्या अंतराने लंडनमध्ये खेळले. ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेत नाटेकरांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कृष्णन यांनी ऑस्ट्रेलियाच्या अॅशली कूपरला हरवून विम्बल्डनचे कुमार अजिंक्यपद मिळविले. असा मान मिळविणारे ते पहिलेच आशियाई खेळाडू. हरलेला कूपर पुढे १९५८ मध्ये विम्बल्डनचा विजेता झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यशाचे मोल कळते.

कृष्णन यांच्या हाती काय होते? वडील टी. के. रामनाथन हेच त्यांचे गुरू. सर्व्हिसमध्ये दहशत नव्हती आणि फटक्यांत दांडगाई नव्हती. चेंडूवर हळुवार हुकूम आणि प्रतिस्पर्ध्याचा वेग त्याच्यावरच उलटविण्याची हातोटी, एवढ्या भांडवलावर त्यांनी १९५९ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकली. जॅक क्रेमर या अमेरिकन संयोजकाने त्याच सुमारास त्यांच्यापुढे धंदेवाईक खेळाडूचा करार ठेवला. रक्कम भुरळ पाडणारी होती. परंतु त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्याला विम्बल्डन आणि डेव्हिस चषक या दोहोंची दारे बंद होत; विम्बल्डनचे दार उघडले ते १९६८ मध्ये. कृष्णन यांनी नकार दिला. या नकाराची किंमत पैशांत मोठी होती, यात शंका नाही; पण त्यामुळेच पुढील सारा इतिहास घडला.

१९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. पहिल्या वर्षी नील फ्रेझरने आणि दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरने त्यांना रोखले, आणि दोघेही त्या त्या वर्षीचे विजेते ठरले. १९६२ मध्ये त्यांना चौथे मानांकन मिळाले होते, पण घोट्याच्या दुखापतीमुळे स्पर्धा सोडावी लागली. तशी संधी पुन्हा आली नाही. १९६६ मध्ये कलकत्त्याला ब्राझीलविरुद्ध डेव्हिस चषकाची लढत २-२ अशी बरोबरीत असता ते टॉमाझ कॉखविरुद्ध दोन सेट एकने मागे होते आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असे पिछाडीवर पडले होते. तेथून त्यांनी तो सेट ७-५ आणि पाचवा ६-२ असा घेतला व भारत प्रथमच अंतिम लढतीस पात्र ठरला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने ती ४-१ अशी जिंकली. भारताचा एकमेव विजय दुहेरीतला. कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब व रोश या जोडीला हरविले.

इकडे नाटेकरांची वाटचाल कमी गाजावाजात, पण तितक्याच ठामपणे चालली होती. १९५६ मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद त्यांनी सहा वेळा पटकाविले. थॉमस चषकातील त्यांचे सोळांपैकी बारा एकेरी विजय हे आकडे बोलके आहेत. बॅडमिंटनमध्ये तेव्हा ना पैसा होता, ना विम्बल्डनचे वलय. जे होते ते खेळण्याचे सुख आणि प्रेक्षकांची दाद.

१९६१ मध्ये भारत सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. त्या पहिल्याच यादीत टेनिससाठी कृष्णन यांचे, आणि बॅडमिंटनसाठी नाटेकरांचे नाव होते. दहा वर्षांपूर्वी जाळ्याच्या दोन बाजूंना उभे राहिलेले दोघे एकाच पंक्तीस बसले.

पुढच्या पिढीत आणखी एक गंमत झाली. कृष्णन यांचे चिरंजीव रमेश १९७९ मध्ये विम्बल्डनचे कुमारविजेते झाले, यात नवल नाही. पण नंदू नाटेकरांचे चिरंजीव गौरव यांनी वडिलांचे फूल न उचलता वडिलांनी खाली ठेवलेली टेनिसची रॅकेट उचलली. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेसच्या साथीने त्यांनी दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. ते पाहावयास वडील हयात होते. नंदू नाटेकरांचे निधन पुण्यात २८ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी झाले.