आधी पाणी, मग पाळणा



१९७० साली डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे नगरकडच्या जामखेडला आले, तेव्हा गावकऱ्यांनी आधी मागितलं ते पाणी अन् पोटाला अन्न. बरोबरच होतं त्यांचं! पोर जगेल याचाच भरवसा नाही, तर ‘दोन पुरेत’ कोण ऐकणार? मग कूपनलिका झाल्या, मुलांना सकस आहार व लसी मिळाल्या. गावच्याच बाया, कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. पोरं जगू लागली, तसा पाळणा लांबवायचा विचार घराघरांत शिरला.

तेव्हा बाळाचं लसीकरण चुकवू नका. दुसऱ्यासाठी तीन वर्षं थांबा. सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसवतात. आणि कारभारी, पुरुषांची बिनटाका नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते बरं का. दर वेळी मालकिणीलाच का पुढं करता?