गाडी, रिव्हेट आणि शिवणाचा तास
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयची माहिती हल्ली माझी आईच मला व्हॉट्सअॅपवर पाठवते. त्यापेक्षा गेली अडीच वर्षं मी घराच्या गॅरेजमध्ये जे करतेय, त्यावर बोलते. तर विषय आहे रिव्हेट. हसा, हसा. माझ्या घरीही हसले होते.

आधी थोडं गाडीबद्दल. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहते. तिकडे 'किट कार' नावाचा एक जुना नाद आहे. गाडी सुट्या भागांत आणायची आणि घरी जोडायची. १९५७ साली लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची एक छोटी, दोन माणसांची, अगदी हलकी गाडी काढली, ती अशी सुट्या भागांतही मिळायची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि ती अजून विकली जाते. पण ज्यांना तेवढे पैसे घालायचे नसतात ते त्याच धाटणीची गाडी स्वतः बांधतात. आपण दहावीला बसलो त्याच वर्षी, १९९६ मध्ये, रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावरचं पुस्तक आलं आणि या नादाला ऊत आला. अडीचशे पौंडांत काही होत नाही, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

मी चौकोनी नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा विकत घेतला. बाकी सगळं मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी, दोघींनी केलं. इंजिन, ब्रेक, वायरिंग हे सगळं मी आज सोडून देते. त्यात मला जेवढं कळलं त्यापेक्षा जास्त त्या पत्र्याच्या कामात कळलं.

तर पत्रा. सांगाडा लोखंडी, त्यावर पत्रा अॅल्युमिनियमचा. या दोन धातूंचं आपसांत साधं वेल्डिंग होत नाही, आणि झालं असतं तरी एवढा पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा झाला असता. म्हणून रिव्हेट. तुम्हाला आपली लाल एसटी आठवत असेल. खिडकीखाली बाहेरच्या पत्र्यावर रिव्हेटच्या रांगाच्या रांगा असायच्या. गाडी स्टँडवर उभी असली की मी त्यावरून बोट फिरवत मोजत बसायचे. त्या बॉड्या दापोडीसारख्या एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळांमध्ये बांधल्या जायच्या, हे मला फार नंतर कळलं.

जुन्या पुलांचे रिव्हेट भरीव. एका बाजूने हातोडा आणि दुसऱ्या बाजूने टेकण लावून धरलेला माणूस, असे दोघे लागतात. माझ्या सांगाड्याची नळी पंचवीस मि.मी. ची, चारही बाजूंनी बंद. तिच्या आत टेकण कोण धरणार? म्हणून पॉप रिव्हेट. हा म्हणजे डोकं असलेली एक पोकळ नळी आणि तिच्यातून आरपार गेलेला एक खिळा. खिळ्याला आतल्या टोकाला गाठ असते. रिव्हेट भोकात घालायचा, गनने खिळा आपल्याकडे ओढायचा. गाठ मागे येते, आतली नळी फुगते, पत्रे आवळले जातात, आणि ठरलेल्या ताणाला खिळा मानेशी तुटतो. टक् असा आवाज येतो. तो आवाज फार समाधान देणारा आहे, आणि त्यानेच माझा घात केला. ते सांगते, पण आधी निवडीचं.

दुकानातला सगळ्यात स्वस्त डबा असतो अॅल्युमिनियमची नळी आणि साध्या लोखंडी खिळ्याचा. घरातली बादली दुरुस्त करायला छान. पण खिळ्याची गाठ रिव्हेटच्या आतच राहते. लोखंडी असली तर ती गंजते, आणि वर्षभरात पत्र्यावर तपकिरी ओघळ येतात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, म्हणजे आपल्या कोकणातल्या दारांच्या कड्यांसारखी गत. मग एकदम स्टेनलेस स्टीलचाच रिव्हेट घ्यावा का? मजबूत असतो, पण हाताने ओढताना घाम फुटतो, आणि खाऱ्या ओलाव्यात त्याच्या भोवतीचं अॅल्युमिनियम झिजू लागतं. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे आठवीत सरांनी टेबलावर करून दाखवलेला विद्युतघट. सर, दिवा लागला नव्हता, पण मला आठवतंय. मी शेवटी अॅल्युमिनियमची नळी आणि स्टेनलेसचा खिळा असे घेतले. मजल्याला बंद तोंडाचे, म्हणजे पाणी आत शिरायला नको. शिवाय पत्रा आणि नळीच्या मधे सगळीकडे सीलंटचा थर. सीटबेल्ट मात्र रिव्हेटवर कधीच नाही. त्यांचे बोल्ट सांगाड्याला वेल्ड केलेल्या जाड बुशांमध्ये जातात.

जाडीचं म्हणाल तर बहुतेक पत्र्याला ४ मि.मी. चा रिव्हेट पुरतो, आणि त्याला भोक ४.१ चं. ४.२ केलंत तर बहुतेकदा चालून जातं. ४.५ झालं की तो भोकात डुलतो. अंतर साधारण ५० मि.मी. आणि पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट तरी आत.

आता गन. पक्कडीसारखी दिसणारी हातगन स्वस्त मिळते. एका शनिवारी मी तिने साठेक रिव्हेट मारले, आणि सोमवारी कीबोर्डवर अंगठा वळेना. ऑफिसात कारण काय सांगणार! मग लेझी टाँग नावाची गन आणली. मुंबईच्या जुन्या इमारतींत लिफ्टला ते जाळीचं दार असायचं ना, तशी ती लांब होते आणि मिटते. दोन्ही हातांनी, जवळजवळ अंगाच्या भाराने दाबता येते. बायकांच्या हाताला, किंवा कुणाच्याही पन्नाशीकडे झुकलेल्या हाताला, मी हीच सुचवीन. बॅटरीवरची गन एका शेजाऱ्याकडून दोन दिवस आणली होती. काम झटपट होतं, पण खिळा ओढला जाताना हाताला काही कळत नाही. कुठलीही असो, तिचं नाक पत्र्याला काटकोनात टेकवा आणि रिव्हेटच्या मापाचं नाक लावा. एवढं केलं तर गन जिंकली.

आता घात. मी आळस केला आणि एकाच लांबीचे रिव्हेट मागवले. डब्यावर लिहिलेलं असतं की हा रिव्हेट एवढ्या ते एवढ्या जाडीपर्यंत आवळेल. माझे ३ मि.मी. पर्यंतचे होते. मजल्याचा पत्रा १.२, नळीची भिंत १.६, बेरीज २.८. ठीक. पण दोन्ही बाजूंना जिथे बाजूचा पत्रा मजल्यावर चढतो तिथे आणखी १.२, म्हणजे ४, वर सीलंट. हे गणित चौथीतलं आहे. मी केलं नाही. त्या ओळीत मी ६४ रिव्हेट मारले, आणि प्रत्येकाने छान टक् केलं.

टक् म्हणजे खिळा तुटला, एवढंच. आत फुगवटा नीट आला की नाही, हे तो आवाज सांगत नाही. बाहेरून सगळे एकसारखे, चकचकीत, रांगेत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याच चुकीवर पोट भरतो, सगळ्या चाचण्या हिरव्या आणि ग्राहकाकडे बोंब. चूक पकडली माझ्या मुलीने. तिच्या सीटच्या बाजूला, पाय ठेवतात तिथे, तिने कडेला प्लॅस्टिकची पट्टी सरकवली आणि ती सरळ आत गेली. "मम्मा, हे हलतंय." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मजल्यावर तिचे पाय असणार होते, आणि खाली एका हाताच्या अंतरावर रस्ता.

इथे एक कबुली द्यायची आहे, आणि ती सरांसमोर देताना अजून लाज वाटते. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो, लोखंडाचा तुकडा कानसून मापात आणायचा. मी तो वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून करून घेतला होता. कॅम्पसमधून सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि पुन्हा कधी कानस हातात धरली नाही. चोवीस वर्षं माझ्या डिग्रीवर 'मेकॅनिकल' लिहिलंय, आणि मला कायम वाटत आलं की ते कुणी तरी ओळखणार.

६४ च्या ६४ काढले. आधी टोच्याने खिळ्याची गाठ आत ठोकायची, नाही तर ड्रिल त्यावरून घसरून पत्रा फाडतं. मग डोकं ड्रिलने उडवायचं. काही रिव्हेट ड्रिलबरोबर गोल गोल फिरत बसतात, त्यांच्या डोक्याला पातळ छिन्नी टेकवून धरायची. तीन रविवार गेले. अकरा भोकं मोठी झाली, त्यांत ४.८ चे घालावे लागले. तुटलेले तुकडे नळीत पडले ते पडले. गाडी ढकलली की अजून खुळखुळ्यासारख्या वाजतात.

आणि मग मला शिवणाच्या बाई आठवल्या.

आठवीत मुलगे वर्कशॉपला जायचे आणि आम्ही मुली शिवणाला. मी वर्कशॉपला जाऊ द्या असा अर्ज केला होता, तो परत आला. ते चूक होतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. रागाने मी शिवणाच्या तासाला खिडकीतून वर्कशॉपच्या पत्र्याकडे बघत बसायचे. पण बाईंचं एक वाक्य कानात राहिलं: "आधी चिंधीवर मारून बघ, आणि उलटी बाजू मला दाखव." उलटी बाजू! तेवढंच मी केलं नव्हतं.

आता प्रत्येक सांध्यासाठी आम्ही त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांची चळत करतो, त्यावर रिव्हेट मारतो आणि पालथी करून फुगवटा बघतो. मग गाडीवर. गाडीवरसुद्धा एकदम नाही. पत्रा जागेवर धरायला क्लेको म्हणून स्प्रिंगच्या पिना मिळतात. ३.२ च्या भोकाला तांबूस रंगाच्या, ४ च्या भोकाला काळ्या. भोकातून घालायच्या, सगळा पत्रा बसवून बघायचा, पुन्हा उतरवायचा, भोकांच्या कडांची बोचरी धार काढायची, चुरा पुसायचा, सीलंट लावायचं, पुन्हा पिना, आणि मधून सुरुवात करून कडेकडे रिव्हेट मारत जायचं, म्हणजे पत्र्याला झोळ येत नाही. माझ्या मुलीला हे समजावताना इंग्रजी शब्द सापडेना. म्हटलं, अगं, आधी टाचण्या, मग कच्चा टाका, मग मशीन. तिने कधी शिवण केलेलं नाही, पण आता ती गॅरेजमध्ये 'कच्चा टाका' असंच म्हणते, इंग्लिश वळणाने.

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. तिकडे घरी बांधलेल्या गाडीला आयव्हीए नावाची सरकारी तपासणी असते. माणसाला लागेल अशी एकही धारदार कड बाहेर नको, इथपर्यंत बघतात. आमची तारीख पुढच्या महिन्यात आहे. नापास झालो तर काय चुकलं त्याची यादी देतात, दुरुस्त करून पुन्हा जायचं.

येताना मी हातगन, मूठभर रिव्हेट आणि पत्र्याच्या चार पट्ट्या आणल्यात. विमानतळावर बॅग उघडायला लावली होती, ती गोष्ट निराळी. भाषण संपलं की चहाच्या टेबलाशेजारी ठेवते. ज्यांना टक् ऐकायचंय त्यांनी या. पहिला रिव्हेट शिवणाच्या बाई मारणार आहेत, त्यांना मी सकाळीच विचारलंय. त्या म्हणाल्या, "मारते, पण आधी उलटी बाजू दाखव."