सहा माणसं, एक पैंजण

आज आपण हुपरीत आहोत, आणि विषय आहे गट चालवण्याचा. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप नव्हे हां, उपचाराचा गट.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. नाव भारदस्त, काम साधं. आजारानं किंवा अपघातानं माणसाच्या हातून सुटलेलं रोजचं काम परत त्याच्या हातात आणायचं. अंघोळ, जेवण, शर्टाची बटणं आणि पोटापाण्याचा धंदासुद्धा. जन्मानं अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं भारतातलं पहिलं शिक्षण सुरू केलं. तिथून हे काम आपल्याकडं रुजलं.

आता हुपरी. हुपरी म्हटलं की चांदी. पण इथलं पैंजण बहुतेक वेळा एका हातानं पुरं होत नाही. कुणी चांदी वितळवतं, कुणी तार ओढतं, कुणी कड्या जोडतं, कुणी घुंगरू लावतं, कुणी पॉलिश करतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझा पहिला गट सपशेल फसला. सहा माणसं होती, सगळ्यांच्या अंगावरनं वारं गेलेलं, म्हणजे पक्षाघात. प्रत्येकाचा एक हात कमजोर. मी रंगीत मणी आणि दोरा घेऊन गेले, सगळ्यांना माझ्याकडं तोंड करून ओळीत बसवलं आणि शिकवायला लागले. वीस मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. आयुष्यभर कड्या जोडलेले एक मामा होते. त्यांनी मणी खाली ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, ही काय बालवाडी हाय व्हय?" पुढच्या आठवड्यात ते आलेच नाहीत.

चूक मामांची नव्हती, माझ्या आखणीची होती. मी सहा माणसं एका खोलीत बसवली होती, गट केलाच नव्हता.

मग मी परत पाटी कोरी केली. आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारलं, "तुम्हाला नक्की काय जमायला हवंय?" 'हात सुधारणे' हे ध्येय नव्हे. 'दोन्ही हात वापरून कडी साखळीत अडकवणे' हे ध्येय, कारण ते डोळ्यांनी दिसतं, मोजता येतं. माणसं पाच ते आठच ठेवायची, म्हणजे प्रत्येकाला बोलायला जागा मिळते. ज्यांना सूचना समजायलाच अवघड जातं, त्यांच्याबरोबर आधी एकट्यानं काम करायचं. आणि बसायचं गोलात.

कामही बदललं. जाड तार, मोठ्या कड्या, पक्कड, पितळी घुंगरू. खरी चांदी नाही, कारण वजनाचा हिशेब डोक्यात असला की हात आखडतो. झाळकाम तर अजिबात नाही. पक्षाघातानंतर कमजोर हाताला चटका कळेलच असं नसतं.

महत्त्वाचं म्हणजे काम वाटून दिलं. एकानं चांगल्या हातानं कडी उघडायची, शेजाऱ्यानं कमजोर हात पेपरवेटसारखा ठेवून साखळी दाबून धरायची, तिसऱ्यानं घुंगरू अडकवायचं. एकट्याला पुरं करताच येणार नाही. हुपरीचीच पद्धत!

अ‍ॅन मोझी या अमेरिकन तज्ज्ञांनी गटाच्या पातळ्या सांगितल्यात. आधी माणसं शेजारी बसून आपापलं काम करतात, मग थोडं वाटून घेतात, पुढं एकमेकांच्या मनाचाही विचार करतात. पहिल्याच दिवशी शेवटची पायरी मागायची नाही.

आणि शेवटची वीस मिनिटं हात थांबवायचे. काय जमलं? कसं वाटलं? हे घरी कुठं वापराल? ही वीस मिनिटं गेली तर उरतो तो फक्त हस्तकलेचा वर्ग.

मामा परत आले, मी दोनदा घरी जाऊन माफी मागितल्यावर. चौथ्या बैठकीच्या शेवटी ते म्हणाले, "हात चालत न्हाई, ह्ये मी व्यापाऱ्याला अजून सांगितलं न्हाई. काम बंद हुईल."

खोली गप्प. माझ्या तोंडावर धीराचं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं. मग समोरच्या आक्का म्हणाल्या, "मी बी सुनंला सांगितलं न्हाई, दूध माझ्याच हातनं सांडलं त्ये."

त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी नाही, एकमेकांशी बोलले. गट तिथं सुरू झाला.

हे शक्य झालं ते पहिल्या दिवशी सगळ्यांनी कबूल केलेल्या एका नियमामुळं. इथलं बोलणं इथंच. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथं हा नियम औषधाइतका मोलाचा. आज मी हे सांगतेय तेही त्यांना विचारून, आणि नावं न घेता.

मामांचा जुना वेग परत आला नाही, खोटं कशाला सांगू? पण त्यांनी व्यापाऱ्याला स्वतः सांगितलं आणि तयार माल तपासायचं काम मागून घेतलं. नजर तर शाबूत होती ना!

तर भावांनो, बहिणींनो, उद्या तुम्ही कुठलाही गट चालवाल, तेव्हा दर बैठकीनंतर स्वतःला एकच विचारा. आज माणसं माझ्याशी जास्त बोलली, की एकमेकांशी?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!