नमुना आणि माल

नमुना पाहून ठरविलेलें कापड घरीं आल्यावर विरळ निघालें, तर गृहस्थ दुकानदाराला जाब विचारतो. व्हिडिओ गेमच्या बाजारांतही हाच प्रश्न उभा राहिला आहे.

‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ हा खेळ सेगा कंपनीनें फेब्रुवारी २०१३ मध्यें विक्रीस आणला. तत्पूर्वीं दाखविलेल्या दृश्यांत उजेड-अंधाराची मांडणी उठावदार होती. विकलेल्या खेळांत तीच दृश्यें फिकीं व सपाट दिसलीं. कित्येकांनीं तर खेळ निघण्याआधींच पैसे भरले होते. तक्रार ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे गेली. जाहिरातींतील चित्रण आधींच्या नमुन्याचें असून अंतिम खेळाशीं तें हुबेहूब जुळत नाहीं, हें एप्रिल २०१३ मध्यें कंपनीनें मान्य केलें व तसा खुलासा जोडण्याचें कबूल केलें.

असें अंतर पडण्यामागें नेहमीं लबाडीच असते, असें नाहीं. नमुना हा खेळाचा लहानसा तुकडा. तो बहुधा बलाढ्य संगणकावर चालवितात. संपूर्ण खेळ मात्र गिऱ्हाइकाच्या घरच्या साध्या यंत्रावर चालावा लागतो. सेकंदाला ३० चित्रें काढावयाचीं, तर प्रत्येक चित्रास सेकंदाचा तिसावा भागच मिळतो. तेवढ्यांत काम उरकावें म्हणून सांवल्या, धूर, प्रतिबिंबें यांना कात्री लागते.

ही काटछाट क्षम्य आहे; ती लपविणें क्षम्य नव्हे. नमुन्याला नमुना म्हणण्यास विक्रेत्याला खर्च येत नाहीं. आणि गिऱ्हाइकानेंही प्रत्यक्ष माल पाहिल्यावांचून पैशाची गांठ सोडूं नये.