पालक-शिक्षक सहकार्य : सहभागातून अधिकाराकडे

पालकांचे शाळेशी असलेले नाते प्रगतिपुस्तकावरील स्वाक्षरीपुरते मर्यादित राहू नये, हा विचार कर्नाटकाने लवकर स्वीकारला. म्हैसूरसह संपूर्ण राज्यातील सरकारी शाळांमध्ये २००१ साली शाळा विकास व देखरेख समित्या स्थापन करण्याचा निर्णय झाला आणि निर्वाचित पालकांना त्यांत स्थान मिळाले.

पुढे शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने या विचाराला देशव्यापी कायदेशीर आधार दिला. कलम २१ नुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे व शाळा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कार्ये होत. कलम २४ अन्वये पाल्याची उपस्थिती व प्रगती पालकांना कळविणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे.

सदस्यत्वाचा खरा लाभ येथेच आहे : तक्रारदार पालक निर्णयातील भागीदार होतो, तर मुलाच्या गैरहजेरीचे घरगुती कारण शिक्षकाला वेळीच समजते. मात्र रोजंदारीवर जाणाऱ्या मातेला सभेसाठी मजुरी बुडवावी लागली, तर तिचे सदस्यत्व कागदावरच राहते. म्हणून सभेची वेळ तिच्या सोयीने ठरविणे, ही लोकसहभागाची पहिली कसोटी होय.