रोजचे मोह आणि ख्रिस्ती श्रद्धा



मोह म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें मोठीं पापें उभीं राहतात. परंतु चोरी किंवा खून करण्याचा प्रसंग आपल्यापैकीं बहुतेकांवर जन्मांत येत नाहीं. येतात ते फार लहान मोह. आगगाडीच्या प्रवासांत मुलाचें वय वर्षानें कमी सांगितलें म्हणजे अर्ध्या तिकिटांत भागतें. दुकानदारानें चुकून जास्त मोड दिली, तर ती मुकाट्यानें खिशांत टाकतां येते. ओळखीच्या गृहस्थाच्या मुलाला दोन गुण वाढवून देतां येतात. माझें आयुष्य शिक्षकाच्या धंद्यांत गेलें, आणि ही शेवटची विनंती किती गोड शब्दांत होते हें मीं पुष्कळदां ऐकिलें आहे. "मास्तर, अन्याय करा," असें कोणी म्हणत नाहीं. "पोराचें कल्याण करा," असेंच म्हणतात. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेची परीक्षा रविवारच्या उपासनेपेक्षां अशा प्रसंगीं अधिक होते, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत खुद्द प्रभु येशूच्या परीक्षेची कथा आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान येतो आणि दगडांच्या भाकरी कर म्हणून सुचवितो. भुकेल्यानें भाकर खावी यांत वावगें तें काय? नंतर तो मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगतो, आणि त्या सूचनेला शास्त्राचा आधारही देतो. तिसऱ्या खेपेस तो जगांतील सर्व राज्यें देऊं करतो. किंमत काय, तर एकच नमस्कार! मोहाची रीतच अशी आहे. तो चांगलें कारण घेऊन येतो आणि किंमत थोडी सांगतो.

याचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांत घडलें. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि १८८९ सालीं मुंबईस विधवांच्या शिक्षणासाठीं शारदासदन काढलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. सदनांत कोणत्याही धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं, प्रत्येकीनें आपला आचार मोकळेपणीं पाळावा, असें ठरलें होतें. रमाबाई आपल्या खोलींत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली येऊन बसत. यावरून शहरांत मोठा गवगवा झाला. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या.

त्या पालकांची काळजी खोटी नव्हती, हें आम्हीं ख्रिस्ती लोकांनीं न्यायानें मान्य केलें पाहिजे. आश्रयास आलेल्या दुबळ्या जीवावर आपली श्रद्धा लादणें, हाही श्रद्धावंताला पडणारा एक मोह आहे. पण रमाबाईंपुढील प्रश्न पाहा. दार लोटून घेतलें असतें तर थोरांची मैत्री टिकली असती, संस्थेवरील संकट टळलें असतें, आणि हें सर्व विधवांच्या हितासाठीं, असें मनाला सांगतांही आलें असतें. याहून चांगलें कारण कोणतें? तरीही त्यांनीं दार लावलें नाहीं. पुढें केडगांवास त्यांचें मुक्तिसदन उभें राहिलें, आणि तें कार्य आजही चालू आहे. परंतु १८९३ सालीं हें पुढचें त्यांना दिसत नव्हतें. त्या वेळीं समोर होती ती हानीच.

आपल्याला एवढ्या मोठ्या प्रसंगाला तोंड द्यावें लागत नाहीं. पण त्या उघड्या दाराचा उपयोग आपणही करूं शकतों. मनाला एखादें कारण पटलें, कीं तें उघडपणें बोलतां येईल काय, असें स्वतःला विचारावें. तिकीट तपासनिसापुढें तें सांगतां येईल काय? ज्यांना वाढीव गुण मिळाले नाहींत, त्या मुलांच्या आईबापांपुढें सांगतां येईल काय? जें बोलण्यासाठीं दार लावून घ्यावें लागतें, तें कारण खोटें समजावें.

आणि पाऊल घसरलेंच तर? लूकच्या शुभवर्तमानांत यरीहो येथील जकातदारांचा मुख्य जक्कय याची गोष्ट आहे. प्रभु त्याच्या घरीं उतरला तेव्हां त्यानें अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचें, आणि ज्याचें अन्यायानें घेतलें असेल त्याला चौपट परत करण्याचें वचन दिलें. त्याचा पश्चात्ताप हिशेबाच्या वहींत उतरला. जास्त आलेली मोड दुसऱ्या दिवशीं दुकानांत नेऊन देणें, हाही पश्चात्तापच आहे. त्याला दोन मिनिटें लागतात, आणि थोडी लाज.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत रोजची भाकर, अपराधांची क्षमा आणि मोहापासून रक्षण या मागण्या एकापाठोपाठ येतात. भाकर रोज लागते, तसें हें रक्षणही रोजच लागतें. ही प्रार्थना आपण मुलांना लहानपणींच शिकवितों. पण खिडकीशीं बाप त्याचें वय कमी सांगतो, तेव्हां मूल शेजारींच उभें असतें, आणि त्याला आपलें खरें वय ठाऊक असतें. वांचलेले पैसे घरीं पोंचण्यापूर्वींच खर्च होतात. ऐकिलेलें तें वाक्य मात्र मुलाजवळ राहतें. रात्रीं तेंच मूल आपल्याबरोबर हात जोडून बसतें. त्या वेळीं त्याच्याकडे मोकळ्या मनानें पाहतां यावें, एवढी शक्ति देव आपणां सर्वांना देवो.