उत्तरेकडील दप्तरें आणि भुकेचा वारसा

स्वीडनच्या अगदीं उत्तरेस, ध्रुववृत्ताच्या कडेला, कालिक्स नदीच्या कांठीं ओव्हरकालिक्स हा विरळ वस्तीचा परगणा आहे. भोंवतालीं सूचिपर्णी वृक्षांचीं रानें, दलदली आणि सरोवरें. उन्हाळ्यांत कांहीं आठवडे तेथें रात्र अशी होतच नाहीं, आणि ऐन हिवाळ्यांत दुपारचा प्रहरहि संधिप्रकाशासारखा भासतो. एकोणिसाव्या शतकांत येथील शेतकरी जव पेरीत असे, गुरें पाळीत असे आणि नदींतले मासे धरीत असे. पेरणी व कापणी यांच्यामध्यें त्याला मिळणारा अवधि इतका थोडा, कीं ऑगस्टच्या एखाद्या रात्रीं कडक दंव पडलें म्हणजे वर्षाची भाकर गेलीच. दख्खनच्या शेतकऱ्याला जो धाक कोरड्या मृगाचा, तोच तेथें ऑगस्टमधील निरभ्र रात्रीचा. बाहेरून धान्य आणावें, तर धड रस्ता नाहीं, आगगाडी नाहीं, आणि जवळचा समुद्र हिवाळाभर गोठलेला.

इ. स. १८००, १८१२, १८२१, १८३६ आणि १८५६ या सालीं तेथील पीक साफ बुडालें. उलट १८०१, १८२२, १८२८, १८४४ व १८६३ या सालीं कोठारें भरून वाहिलीं. हे आंकडे नुसते वाचून पुढें जाण्यासारखे नाहींत. १८०० सालीं दहा वर्षांचा असलेला मुलगा एक हिवाळा अर्धपोटीं राहिला असेल, आणि पुढच्याच हिवाळ्यांत त्यानें पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लें असेल. या दोन हिवाळ्यांचा परिणाम त्याच्या नातवाच्या आयुर्मर्यादेवर होतो काय, असें त्या काळीं कोणीं विचारलें असतें, तर लोकांनीं त्याला वेड्यांतच काढलें असतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं विचारला. आणि त्याचें उत्तर शोधण्याचीं साधनें जगांत ज्या थोड्या ठिकाणीं शाबूत होतीं, त्यांत हा परगणा होता.

साधनें म्हणजे यंत्रें नव्हेत, दप्तरें. १६८६ च्या धर्मविषयक कायद्यानें स्वीडनमधील प्रत्येक पाद्र्यावर आपल्या हद्दींतील जन्म, विवाह व मृत्यु नोंदून ठेवण्याची जबाबदारी टाकली. एवढेंच नव्हे, तर घरोघर जाऊन कुटुंबांतील लहानथोरांना वाचतां येतें काय, धर्मप्रश्नोत्तरांचा अर्थ कळतो काय, याची परीक्षा घ्यावयाची आणि ज्याच्या त्याच्या नांवापुढें खूण करावयाची, असाहि दंडक होता. १७४९ सालापासून या नोंदींचे तक्ते राजधानीकडे जाऊं लागले, व त्यांत मरणाचें कारणहि घालावें लागे. पेर व्हार्गेंटिन या ज्योतिष्यानें (ग्रहगणित करणाऱ्या, भविष्य सांगणाऱ्या नव्हे) १७६६ सालीं त्यांवरून वय व लिंग यांनुसार मृत्यूचें प्रमाण काढून दाखविलें. स्टॉकहोमच्या वेधशाळेंत १७५६ पासून तपमानाच्या ज्या रोजच्या नोंदी उपलब्ध आहेत, त्यांचा आरंभहि याच गृहस्थाच्या कारकीर्दींतला. हवा मोजणारा आणि मरण मोजणारा माणूस एकच असावा, यांत त्या काळीं कोणाला नवल वाटलें नाहीं. विद्यांच्या वाटण्या पुढें झाल्या.

याहून जुनी एक नोंद ओव्हरकालिक्सच्या शेजारच्या खोऱ्यांतली आहे. टोर्ने नदीच्या मुखाशीं टॉर्नियो गांवीं ओलोफ आल्बोम नांवाचा एक व्यापारी राहत असे. नदीवरील बर्फ फुटल्याखेरीज नावा चालत नाहींत. म्हणून तें कोणत्या दिवशीं फुटलें हें त्यानें १६९३ पासून टिपण्यास सुरुवात केली. १७१५ सालीं रशियन सैन्य आलें म्हणून तो पळाला. १७२१ सालीं परत येऊन त्यानें तोच उद्योग पुढें चालविला. त्याच्यामागें इतरांनीं तो चालू ठेवला. नदीचें बर्फ त्या काळच्या मानानें आज बरेंच अगोदर फुटतें, हें निश्चयानें सांगतां येतें तें या व्यापारी मंडळींच्या चिकाटीमुळें.

परंतु हवेची नोंद एकटी फारसें बोलत नाहीं, हें फिनलंडच्या उदाहरणावरून दिसतें. हा देश १८०९ पर्यंत स्वीडनच्याच राज्यांत होता, त्यामुळें पाद्र्यांचीं दप्तरें तेथेंहि तशींच. १८६७ सालीं वसंत आलाच नाहीं. जून उजाडला तरी उत्तरेकडील सरोवरांवर बर्फ होतें. पेरण्या लांबल्या, आणि सप्टेंबरच्या आरंभीं दंव पडून उभें पीक करपलें. सुमारे अठरा लाख वस्तीच्या त्या देशांत दुष्काळाच्या या काळांत एक लाखाहून कितीतरी अधिक माणसें नेहमींच्या मृत्युसंख्येवर आणखी दगावलीं. दंवानें पीक मारलें हें खरें. पण माणसें कशानें मेलीं? दप्तरांत पाहावें तर निव्वळ उपासमार हें कारण कमी आढळतें. विषमज्वर, उवांपासून पसरणारा टायफस ताप आणि हगवण हींच कारणें ओळींमागून ओळी भरून लिहिलेलीं आहेत. पाइनच्या सालीचें पीठ मिसळलेली भाकर खाऊन अशक्त झालेलीं कुटुंबें घरदार सोडून भीक मागत हिंडूं लागलीं. जेथें जेथें तीं एकवटलीं, मग ती अनाथगृहाची पडवी असो वा दुष्काळी कामावरची झोंपडी असो, तेथें तेथें ताप पसरला. अर्थखात्याचा प्रमुख स्नेलमन याला १८६५ सालीं चांदीशीं जोडलेल्या नव्या चलनाची पत सांभाळावयाची होती, म्हणून परदेशीं कर्ज काढण्यास त्यानें उशीर केला. फ्रँकफुर्टच्या रॉथशिल्ड पेढीकडून पैसा मिळाला तेव्हां वर्ष सरत आलें होतें आणि बंदरें गोठत होतीं. आतां या मरणांचा जाब कोणाला विचारावयाचा? हवामानशास्त्रज्ञाला दंव दिसतें, वैद्याला ताप दिसतो, अर्थशास्त्रज्ञाला तिजोरी दिसते. तिघांनीं एका टेबलाशीं बसून एकच दप्तर वाचल्याखेरीज १८६८ सालच्या एकाहि थडग्याचा पुरता खुलासा होत नाहीं.

असें एकत्र बसणें पुढें उमेओ विद्यापीठांत घडून आलें. उत्तर स्वीडनमधील या विद्यापीठानें १९७३ सालीं लोकसंख्याविषयक माहितीचें भांडार उघडलें. जुनीं हस्ताक्षरें लावून, एकाच माणसाचा जन्म, विवाह, स्थलांतर आणि मृत्यु एका सूत्रांत ओवून, पिढ्यान् पिढ्यांचे वंशवृक्ष तेथें उभे करण्यांत आले. त्या आधारावर लार्स ओलोव्ह ब्यूग्रेन आणि गुन्नर काटी यांनीं ओव्हरकालिक्स येथें १८९०, १९०५ आणि १९२० सालीं जन्मलेलीं ३०३ माणसें निवडलीं. प्रत्येकाचे आईबाप आणि चारहि आजे-आज्या शोधल्या. ही पूर्वज मंडळी १८१८ भरली. ही इसवी नव्हे, माणसांची संख्या आहे. मग पिकाचे सरकारी अंदाज व धान्याचे भाव पाहून, यांपैकीं कोणाच्या बालपणीं कोणत्या वयांत सुबत्ता होती व कोणत्या वयांत टंचाई, हें ठरविलें.

बालपणांतील एका ठराविक काळाकडे त्यांचें लक्ष गेलें. यौवनाची चाहूल लागण्यापूर्वीं मुलांची वाढ कांहीं काळ मंदावते. मुलग्यांत साधारण नऊ ते बारा या वयांत, मुलींत आठ ते दहा या वयांत. २००१ व २००२ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध होते. बापाच्या बापाला या वयांत टंचाई सोसावी लागली असेल, तर नातवंडें अधिक जगलेलीं दिसलीं. आणि त्याला याच वयांत भरपूर खावयास मिळालें असेल, तर नातवंडांत मधुमेहानें मरण्याचें प्रमाण सुमारें चौपट आढळलें. पुढें लंडनचे मार्कस पेंब्री या कामांत सामील झाले आणि २००६ सालीं आणखी एक गोष्ट पुढें आली: बापाकडील आजोबांच्या आहाराचा संबंध नातवांच्या मृत्युमानाशीं, आणि बापाकडील आजीच्या आहाराचा संबंध नातींच्या मृत्युमानाशीं दिसतो.

बापाच्या बाजूचा संबंध कां महत्त्वाचा, तें सांगितलें पाहिजे. आईच्या भुकेचा परिणाम मुलावर होतो हें समजण्यास कठीण नाहीं. मूल नऊ महिने तिच्याच रक्तावर वाढतें. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या मुलांची प्रकृति यांचा जो अभ्यास चालविला, तो याच वाटेचा; वजनानें हलक्या पण अंगांत चरबीचा अंश अधिक असलेल्या अर्भकांकडे त्यानें जगाचें लक्ष वेधलें. बाप मात्र मुलाला एका सूक्ष्म बीजापलीकडे शरीरांतून कांहींच देत नाहीं. तेव्हां आजोबांच्या ताटाची खबर नातवापर्यंत जाते असें म्हणावयाचें, तर ती त्या बीजांतूनच गेली पाहिजे. आनुवंशिक द्रव्यांतील मूळ लिपी न बदलतां, तिचा कोणता भाग वाचावयाचा व कोणता वगळावयाचा, याच्या रासायनिक खुणा बदलतात, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसलें आहे. माणसांत अशा खुणा दोन पिढ्या टिकतात, हें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. ज्या वर्तमानपत्रांनीं तें सिद्ध झाल्याचें जाहीर केलें, त्यांनीं शास्त्रज्ञांपेक्षां अधिक उत्साह दाखविला.

दुसरीहि शंका उपस्थित झाली, आणि ती समाजशास्त्रज्ञाची होती. सुबत्तेच्या सालीं मुलाला जास्त खावयास मिळालें, तें ज्याच्या बापाची जमीन होती त्याला. कोरडवाहू मजुराच्या मुलाला कितपत? कदाचित् नातवाचें आयुष्य आजोबांच्या ताटावर नव्हे, तर घरच्या स्थितीवर अवलंबून असेल. म्हणून २००७ सालीं कुटुंबाची जमीन, भावंडांची संख्या, आईबापांपैकीं कोणी लवकर वारलें काय आणि आईबापांना वाचतां येत होतें काय, या सर्वांचा हिशेब धरून गणित पुन्हां मांडण्यांत आलें. वाचनाची माहिती कोठून आली? धर्मप्रश्नोत्तरांची परीक्षा घेणाऱ्या पाद्र्याच्या त्या खुणांवरून. ज्यानें शेतकऱ्याच्या आत्म्याच्या काळजीनें ती खूण केली, तिचा उपयोग दीड शतकानंतर मधुमेहाच्या मृत्यूंचा कस लावण्याकडे झाला. या हिशेबानंतरहि आजोबांच्या आहाराचा संबंध पुसला गेला नाहीं.

तरी तीनशें तीन हा आंकडा लहानच. चार आजे-आज्या, दोन लिंगें आणि अनेक वयें यांच्या जोड्या लावीत गेलें, म्हणजे एखादी जोडी केवळ योगायोगानेंहि जुळते; संख्याशास्त्रज्ञांनीं हा आक्षेप घेतला व तो रास्त होता. त्याला उत्तर वादविवादानें नव्हे, दुसऱ्या दप्तरानें मिळालें. स्टॉकहोमचे डेन्नी व्होगेरो आणि त्यांचे सहकारी यांनीं उप्साला येथील कुटुंबांवरून ९,०३९ आजे-आज्या आणि त्यांचीं ११,५६१ नातवंडें तपासलीं व २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. बापाकडील आजोबांना त्या मंद वाढीच्या वयांत सुगीचीं सालें लाभलीं असतील, तर नातवांचें (नातींचें नव्हे) मृत्युमान अधिक, हें येथेंहि आढळलें. परंतु कारण मधुमेह किंवा हृदयरोग नव्हता; मुख्य भर कर्करोगावर होता. आजी व नात यांच्यामधील संबंध तर मिळालाच नाहीं. म्हणजे पहिल्या चित्राची एक रेषा टिकली आणि बाकीच्या पुसल्या. शास्त्रांत याला अपयश म्हणत नाहींत. पण यावरून मुलांना उपाशीं ठेवावें असें जर कोणी अनुमान काढील, तर त्याला फिनलंडचें १८६८ सालचें दप्तर वाचावयास द्यावें.

उत्तरेकडील हवेचा प्रश्न आतां उलट्या अंगानें येऊं लागला आहे. दंवाची भीति जाऊन बर्फ न पडण्याची भीति आली. उमेओच्या प्रदेशांत तांबूस पाठीचे रानउंदीर हिवाळ्यांत बर्फाच्या थराखालीं बिळें करून राहतात. डिसेंबर २००६ मध्यें तेथें अवेळीं ऊब आली, पाऊस पडला, बर्फाचें पांघरूण नाहींसें झालें. आणि त्या वर्षीं उंदरांची पैदासहि मोठी होती. ते आश्रयासाठीं गोठ्यांत, लांकडांच्या कोठारांत आणि घरांत शिरले. त्यांच्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आंत जाऊन मूत्रपिंडांना बाधणारा एक ताप येतो. स्वीडिश लोक त्याला उंदीरतापच म्हणतात. २००७ या एका वर्षांत स्वीडनमध्यें त्याचे दोन हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले, व त्यांतील बहुसंख्य उत्तरेकडचे होते. रोगी वैद्यांनीं मोजले, पाऊस हवामानखात्यानें मोजला. आणि उंदरांची संख्या सांगितली ती उमेओजवळच्या रानांत १९७१ पासून दर वसंतांत व शरदांत सांपळे लावून गणना करणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञांनीं. सांपळे लावावयास आरंभ झाला, तेव्हां या तापाचा विचार त्या गणनेमागें नव्हता.